चालता-बोलता



आपल्याकडचे म्हातारे माणूस देवाजवळ काय मागते, हे आपण सर्वांनी ऐकलेले आहे. धन मागत नाही, दीर्घायुष्यही फारसे मागत नाही. ‘चालता-बोलता असतानाच ने रे बाबा’ एवढेच मागते. चालणे आणि बोलणे हे दोन शब्द आपल्या भाषेने असे शेजारी शेजारी बसवून ठेवले आहेत, आणि माझे आजचे सारे बोलणे त्या दोहोंच्या मध्ये जी लहानशी आडवी रेघ आहे तिच्याविषयी आहे.

स्वीडन देशात उमेओ नावाचे एक गाव आहे. तेथील काही वैद्यांनी वृद्धांच्या निवासगृहात एक अगदी साधी गोष्ट करून पाहिली, आणि ती 1997 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेथे राहणाऱ्या 58 वृद्धांपैकी एकेकाबरोबर चालत जायचे आणि चालता चालता सहज गप्पा सुरू करायच्या. यंत्र नाही, रक्ततपासणी नाही. बहुतेक जण चालत राहिले आणि उत्तरही देत राहिले. पण 12 जण असे निघाले, की प्रश्न कानावर पडताच त्यांचे पाय थांबले. आधी उभे राहायचे, मग उत्तर द्यायचे, मग पुढे पाऊल टाकायचे. पुढच्या सहा महिन्यांत या बारांपैकी दहा जण पडले. उरलेल्या शेचाळीसांत अकराच पडले.

आता यात गंमत अशी, की बोलण्यासाठी थांबणे हा काही दोष नव्हे. ते शहाणपणच आहे. ज्याला दोन्ही गोष्टी एकदम झेपत नाहीत, तो एक सोडून देतो. पण त्याच्या थांबण्यावरून आपल्याला एक गोष्ट कळते. त्याचे चालणे आता फुकट होत नाही. त्याला प्रत्येक पावलाची किंमत मोजावी लागते, आणि ती किंमत मन मोजते.

तरुणपणी हे आपल्या ध्यानातही येत नाही. चालणे आपोआप होते असे आपण समजतो. पण आपण चालतो तेव्हा डोळे पुढची जमीन पाहात असतात, कानाच्या आतला तोल सांभाळणारा अवयव डोके कोठे कलले ते सांगत असतो, तळपाय आणि घोटे खाली फरशी आहे की माती याचे वर्तमान पाठवत असतात. ही सगळी टपालाची पोती मेंदूत येऊन पडतात आणि तेथे त्यांची वाटणी होते. वय वाढले की डोळ्यांचे टपाल उशिरा येते, तळपायांचे अर्धवट येते, कानांचे कधी चुकीचेच येते. मग मेंदूच्या पुढच्या भागाला, म्हणजे ज्या भागाने आपण बेत आखतो, लक्ष एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवतो आणि नको ती हालचाल रोखतो त्या भागाला, या कामात हात घालावा लागतो. जे काम पूर्वी कारकून परस्पर उरकत असे, त्यावर आता साहेबांची सही लागते. साहेब दुसऱ्या कामात असले, की कागद पडून राहतो. आणि येथे कागदाऐवजी माणूस पडतो.

घरात कोणी पडले म्हणजे आपण काय म्हणतो? ‘पाय घसरला.’ ‘पायपुसणे अडकले.’ ‘मोरीत ओल होती.’ या तक्रारी खऱ्याच असतात. पण त्याच पायपुसण्यावरून तेच माणूस गेली दहा वर्षे रोज गेलेले असते. त्या क्षणी त्याचे मन कोठे होते, हे कोणी विचारीत नाही. फोन वाजला होता. दारावर कोणी आले होते. गॅसवर दूध ठेवले होते आणि ते उतू जाण्याची धास्ती होती. नातवाने मागून हाक मारली होती. माझ्या वैद्यकीच्या व्यवसायात मी पडलेल्या माणसाला ‘काय लागले’ याच्या आधी ‘पडताना काय चालले होते’ असे विचारू लागलो, तेव्हा ही हाक आणि हे दूध मला किती वेळा भेटले ते सांगता येत नाही.

हा प्रश्न लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणे पडल्यामुळे जगात दरवर्षी सुमारे 6 लाख 84 हजार माणसे मरतात. पासष्टी ओलांडलेल्यांपैकी साधारणतः तिघांत एक वर्षातून एकदा तरी पडतो. आपल्या देशात 2011 च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसे 10 कोटींहून अधिक होती. तो आकडा त्यानंतर वाढतच गेलेला आहे. मरणाचे आकडे छापून येतात, पण मोडलेल्या खुब्यानंतर जे घडते ते छापून येत नाही. स्वयंपाकघर सुटते, देऊळ सुटते, वाचनालय सुटते, आणि ‘तुम्ही बसा हो, आम्ही करतो’ हे वाक्य दिवसातून वीस वेळा ऐकावे लागते. म्हणून पुष्कळ म्हातारी माणसे आपण पडलो हे घरात सांगतच नाहीत. सांगितले तर उंबरठा बंद होईल, हे त्यांना पक्के ठाऊक असते.

मग प्रश्न उभा राहतो तो असा, की पडण्यात मनाचा एवढा वाटा असेल, तर मनाला शिकवून पडणे टाळता येईल काय?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्याने केली त्याला हा प्रश्न विचारण्यात अर्थ नव्हता. पण म्हातारपणीही मेंदू शिकतो, हे आता निर्विवाद झाले आहे. अमेरिकेत 1998 साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. पासष्ट वर्षांवरील 2832 स्त्री-पुरुष त्यात होते. काहींना स्मरणशक्तीचे धडे दिले, काहींना तर्काचे, काहींना डोळ्यांपुढे क्षणभर चमकणाऱ्या गोष्टी झटपट ओळखण्याचे. आणि एका गटाला काहीच दिले नाही. जो धडा ज्याला दिला त्यात त्याची प्रगती झाली, आणि तर्काच्या व झटपट ओळखण्याच्या धड्यांची काही शिदोरी दहा वर्षांनंतरही उरली होती. पण स्मरणाचे धडे घेतलेल्यांचा तर्क सुधारला नाही, आणि तर्कवाल्यांचे स्मरण सुधारले नाही. मनाची तालीम ही मलखांबासारखी आहे. ज्या उड्या घ्याव्यात त्याच येतात. आणि पडण्याचे काय झाले? सगळ्यांचा मिळून हिशेब केला, तर या धड्यांनी पडणे कमी झाले नाही. ज्यांना मुळातच पडण्याचा धोका जास्त होता, त्यांच्यापैकी झटपट ओळखण्याचा धडा घेतलेले मात्र कमी पडले. एवढाच एक कवडसा हाती लागला.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या संशोधकांनी 2010 साली असे दाखवले, की बैठ्या सवयीच्या 24 वृद्धांना आठ आठवडे संगणकावर बुद्धीचे खेळ खेळायला लावले तर त्यांचे चालणे सुधारते. बातमी मोठी गोड होती. खुर्चीत बसून चालणे सुधारत असेल तर कोणाला नको? पण चोवीस माणसे म्हणजे एका पंगतीचीही भर होत नाही. त्याच संशोधकांनी पुढे पावणेचारशेंहून अधिक वृद्ध घेऊन तीच गोष्ट कसोशीने तपासली आणि 2021 साली निष्कर्ष प्रसिद्ध केला. खरे शिक्षण मिळालेला गट आणि नुसते सोपे खेळ खेळलेला गट, दोघांच्याही चालण्यात सारखीच सुधारणा दिसली. फरक पडला नाही. आपल्याच गोड बातमीची अशी तपासणी करून ती फोल ठरली हे छापणारी माणसे मला फार आदरणीय वाटतात. पहिली बातमी सर्वत्र पोचते, दुसरी पोचत नाही, एवढेच वाईट.

तेव्हा मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला ‘मेंदू तल्लख करणारे’ खेळ मोबाइलमध्ये घालून दिले आणि आपण कर्तव्यातून मोकळे झालो असे मानले, तर तो चुकतो आहे. शब्दकोडे सोडवावे; त्यात आनंद आहे, आणि आनंदाला दुसरे प्रयोजन लागत नाही. पण शब्दकोडे सोडवणारा पायरीवरून पडत नाही, असा कोणताही पुरावा नाही.

येथपर्यंतचे ऐकून आपण निराश झाला असाल. पण खरी कथा येथून पुढे आहे. स्वीडनमधली ती बारा माणसे बोलू शकत होती आणि चालूही शकत होती. त्यांची अडचण दोन्हींच्या सांध्यावर होती. मग तालीमही सांध्यालाच द्यायला नको काय? खुर्चीत बसवून मनाला आणि मन रिकामे ठेवून पायांना शिकवले, तर सांधा तसाच राहणार.

हा सांधा शिकवण्याची मला सर्वांत आवडलेली गोष्ट जिनिव्हाची आहे. तेथे एमिल झाक-दालक्रोझ नावाचे एक संगीतशिक्षक होऊन गेले. जन्म 1865, मृत्यू 1950. विद्यार्थ्यांना ताल वहीत लिहिता येतो पण अंगात उतरत नाही, हे पाहून त्यांनी त्यांना उठवले आणि चालायला लावले. शिक्षक पियानो वाजवणार, आणि तोही ठरलेली चीज नव्हे, त्या क्षणी सुचेल ते. विद्यार्थ्यांनी त्या तालावर पावले टाकायची. लय वाढली की पाऊल वाढवायचे, सूर थबकला की थबकायचे, खूण मिळाली की दिशा बदलायची, हातांनी एक ताल आणि पायांनी दुसरा धरायचा. ही पद्धत संगीताच्या विद्यार्थ्यांसाठी निघाली. पण जिनिव्हात अनेक वर्षे ती करीत आलेल्या काही वृद्ध स्त्रिया होत्या, आणि त्या म्हातारपणीही मनात दुसरा हिशेब चालू असताना एकसारखे पाऊल टाकतात, असे वैद्यांच्या नजरेस आले. मग त्यांनी पासष्टीपुढचे, पडण्याचा धोका असलेले 134 जण घेतले. आठवड्यातून एकदा एक तास, असे सहा महिने. 2011 साली निष्कर्ष बाहेर आला: हे शिक्षण घेतलेल्या गटात पडण्याचे प्रमाण दुसऱ्या गटाच्या निम्म्याहूनही थोडे खाली आले होते.

येथे काय घडत होते पाहा. पियानोवाला पुढे काय वाजवील याचा भरवसा नाही, म्हणून कान सावध. कान सावध ठेवूनही पाय चालू. आणि ‘आता पाऊल टाकायचे नाही’ हे ऐन वेळी पायाला सांगण्याचा सराव. पडता पडता सावरण्यासाठी नेमके हेच लागते. आपल्या भाषेत याला चांगला शब्द आहे, अवधान. एकाच वेळी अनेक गोष्टींकडे लक्ष ठेवणाऱ्याला आपण अष्टावधानी म्हणतो. म्हाताऱ्याला अष्टावधानी व्हायचे नाही. द्व्यवधानी झाला तरी पुरे.

याच जातीचा दुसरा प्रयोग बेल्जियम, इस्रायल, इटली, नेदरलँड्स आणि इंग्लंड या पाच देशांत मिळून झाला. निष्कर्ष 2016 सालचा. साठ ते नव्वद वर्षांचे, पूर्वी पडलेले सुमारे तीनशे जण. सर्वांनी सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा सरकत्या पट्ट्यावर चालायचे. फरक एवढाच, की निम्म्यांच्या समोर पडद्यावर रस्ता दिसे. त्यात डबकी, अडथळे, वळणे येत, आणि पडद्यावर त्यांना आपलीच पावले दिसत. ती उचलून अडथळा ओलांडावा लागे. पाय दोन्ही गटांचे सारखेच चालले. पण ज्यांच्या मनालाही काम होते ते पुढच्या सहा महिन्यांत नुसत्या चालणाऱ्यांपेक्षा बेचाळीस टक्के कमी वेळा पडले.

आणि तिसरा प्रयोग ऑस्ट्रेलियातल्या सिडनीचा, 2024 साली प्रसिद्ध झालेला. त्यात पासष्टीपुढचे, आपापल्या घरी राहणारे 769 जण होते. एका गटाने घरीच चटईवर उभे राहून, पडद्यावरच्या खुणा पाहून पाऊल पुढे-मागे-बाजूला टाकण्याचे खेळ खेळायचे. दुसऱ्या गटाने तसलेच बुद्धीचे खेळ बसून खेळायचे. तिसऱ्याला फक्त माहितीपत्रक. आठवड्याला दोन तास, वर्षभर. उभ्या खेळाने पडण्याचे प्रमाण सव्वीस टक्क्यांनी उतरले. बैठ्या खेळाचा असा निश्चित परिणाम सिद्ध झाला नाही. जो वाद मी मघापासून घोळवतो आहे, तो इतक्या सरळपणे एका छपराखाली घालून तपासलेला मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

माझे म्हणणे ऐकून कोणी साधा व्यायाम सोडू नये. मांड्यांत बळ नसेल तर मन कितीही जागे असून काय उपयोग? केवळ तोल आणि ताकद यांच्या व्यायामाने पडणे सुमारे चौथाईने घटते, हे शंभराहून अधिक प्रयोगांच्या एकत्रित हिशेबातून 2019 साली दिसून आले आहे. जो पडला आहे त्याने आधी वैद्याकडे जावे. झोपेची गोळी चालू आहे काय, अंथरुणातून उठल्यावर रक्तदाब एकदम उतरतो काय, चष्म्याचा नंबर बदलला काय, हे पाहून घ्यावे. दिडकी पाठ म्हटल्याने रक्तदाब चढत नाही!

पण दिडकीचा विषय निघालाच आहे, तर घरी काय करावे ते सांगतो. येथे बसलेल्या ज्येष्ठांपैकी पुष्कळांनी पावकी, निमकी, सवायकी, दिडकी छडीच्या धाकाने पाठ केलेल्या असतील. भिंतीच्या कडेने, हाताशी आधार राहील असे, मोकळ्या जागेत चालावे. प्रथम गप्प. ते नीट जमले की चालता चालता शंभरातून तीन-तीन वजा करीत जावे, किंवा मुळाक्षरे एकाआड एक म्हणावीत: क, ग, ङ, छ. पाय अडखळतात काय, वेग मंदावतो काय, हे बरोबरच्या माणसाने पाहावे. पहिल्या दिवशी बहुधा आकडा तरी चुकेल किंवा पाऊल तरी. चुकेल तो आकडा चुकू द्यावा, पाऊल नव्हे. पावलाचा मान पहिला. जमू लागले की हिशेब थोडा कठीण करावा. जे सहज जमते त्यातून काही शिकले जात नाही. आणि ज्याला काठीवाचून उभे राहवत नाही, किंवा ज्याची स्मृती फार ढळली आहे, त्याच्यावर घरच्यांनी हा प्रयोग आपल्या मनाने करू नये.

येथे मला घरच्या मंडळींशी थोडे बोलायचे आहे, कारण एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो: ‘डॉक्टर, आईंना एकट्या बाहेर सोडायचे का हो?’ विचारणाऱ्या सुनेच्या मनात प्रेमच असते, आणि एकदा खुबा मोडला तर रजा कोणाला काढावी लागणार हेही तिला ठाऊक असते. पण बसून राहिलेल्या आईंचे पाय तीन महिन्यांत दुबळे होतात. शिवाय ‘पडशील, पडशील’ हे सतत ऐकून भीती मनात घर करते. ही भीती स्वतःच एक दुसरे काम होऊन बसते. पाय टाकताना अर्धे मन भीतीकडे आणि अर्धेच पावलाकडे. म्हणजे काळजी करणाऱ्यांनीच त्यांच्या चालण्यावर एक ओझे वाढवले. माझे उत्तर असे असते, की सोडा. पण रस्ता ओलांडताना त्यांच्याशी बोलू नका, जिन्यावर असताना मागून हाक मारू नका, आणि घरातला फोन दहा वेळा वाजला तरी धावायचे नाही हे घराने ठरवून टाका. हा नियम तरुणांनी पाळायचा आहे. म्हाताऱ्यांना शिकवण्याआधी आपण गप्प बसायला शिकणे स्वस्त पडते.

आता हे सारे आपल्या गावात व्हावे कसे? सिडनीची चटई आणि तो सरकता पट्टा आज प्रत्येकाला परवडणार नाही. पण जिनिव्हाच्या प्रयोगाला काय लागले? एक मोकळी खोली, एक पियानो, आणि शिकवणारा. आपल्याकडे गावोगाव ज्येष्ठ नागरिक संघ आहेत; त्यांच्याजवळ खोली असते, पेटी-तबला वाजवणारा एखादा सभासदही असतो. आपल्या मुलींनी मंगळागौरीत आणि आपण शाळेत लेझीम खेळताना हेच केले होते: ताल बदलला की पाऊल बदलायचे, शेजारणीला धक्का लागू द्यायचा नाही, आणि तोंडाने गाणे चालूच. मी मंगळागौरीला औषधाचे प्रमाणपत्र देतो आहे असे कोणी समजू नये. सत्तरीत फुगडी घालू नये हे उघडच आहे. पण पेटीवर कोणी ओळखीचे गाणे धरले, मध्येच लय बदलली, मध्येच थांबले, आणि पंधरा-वीस माणसे त्या तालावर खोलीभर चालली, वळली, थबकली, तर जिनिव्हातले तत्त्व त्यात पुरेपूर येते. खुर्च्या भिंतीला लावून ठेवाव्यात, म्हणजे कोणाचाही हात केव्हाही आधाराला पोचेल. पायांत घरंगळणाऱ्या चपला नसाव्यात. सतरंजी गुंडाळून बाजूला ठेवावी. दोन तरुण कडेला उभे असावेत. पहिला महिनाभर एखाद्या फिजिओथेरपिस्टला बोलवावे, आणि कोणी किती वेळा पडले याची वही पहिल्या दिवसापासून लिहावी. घरी पडलेलेही तीत खरेखुरे सांगावे, म्हणजे वर्षाअखेर उपयोग झाला की नाही हे कळेल. आठवड्याला एक तास, असे निदान सहा महिने.

अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहिले आहे. आपल्या प्रश्नांसाठी मी येथेच थांबतो.